एकाच स्पीकरवर गाणं: सांगली-मिरजकरांनो, अनुभव लिहा

घरात रेडिओ असो, ब्लूटूथचा डबा असो की आजोबांचा व्हॉल्व्हचा सेट, स्पीकर एकच. त्यावर तुम्ही काय ऐकता, तो कुठे ठेवता, काय सापडलं? सविस्तर लिहा.

गावभाग, सांगली
लहानपणी सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर लागायची. सेट माजघरात फडताळावर. आई चुलीपाशी, दादा ओसरीवर, पण गाणं दोघांनाही सारखंच मिळायचं. जोडीच्या स्पीकरसमोर नेमकं मधोमध बसावं लागतं. घरकाम करणाऱ्या माणसाला ते कुठलं जमायला!

मिरज
सतारमेकर गल्लीजवळ वाढलो, त्यामुळे कान आधी तंबोऱ्याच्या जवारीकडे, म्हणजे तारांच्या गुंजनाकडे जातो. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुरात लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. छोट्या स्पीकरला ती पेलत नाही. तरीही खर्ज भासतो, कारण तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. मला याचं अजून नवल वाटतं.

अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं. हेडफोनवर तो आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटतो. एका स्पीकरवर मात्र गवई समोर बसलेला असतो. खाँसाहेबांना असंच ऐकावं, हे माझं ठाम मत.

विश्रामबाग
जुन्या काही स्टिरिओ गाण्यांत गळा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. नुसती डावी वायर जोडली तर तबलाच गायब! फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, दोन्ही बाजू एकत्र येतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी मात्र एकमेकींत पिळू नका, तो जळू शकतो.

कुपवाड
कोपऱ्यात ठेवला की ढब्ब आवाज येतो, शब्द बुडतात. भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

तासगाव
आत्याला एकाच कानानं ऐकू येतं. नाट्यगीतं तिचा जीव. हेडफोन दिला की अर्धी साथ हरवायची, आणि विचारायची, “ऑर्गन कुठं गेला रं?” आता तिच्या खाटेशेजारी एक स्पीकर आहे, फोनवर मोनो चालू. ऑर्गन, तबला, गळा, सगळं तिला मिळतं. ज्यांच्या घरी असं कोणी असेल त्यांनी ती सेटिंग आजच करून द्या.