जायफळासाठी मॅनहॅटन दिलं म्हणे!

ॲम्स्टेलकर
शाळेच्या ग्रुपवर परवा परत तेच फिरत आलं. "डचांइतके मूर्ख कोणी नाहीत, इंडोनेशियातल्या जायफळाच्या रन बेटासाठी इंग्रजांना मॅनहॅटन देऊन बसले!" खाली हसून लोळणाऱ्या बाहुल्यांची रांग. मी नेदरलँड्समधल्या ॲम्स्टेलवेनला राहतो, या लोकांबरोबर रोज काम करतो. कॉफीचे दोन युरो दुसऱ्या दिवशी आठवणीने मागून घेणारी ही माणसं, शहर फुकट देतील?

अदलाबदल झालीच नव्हती. 1664 च्या ऑगस्टात इंग्रजांची चार जहाजं मॅनहॅटनवरच्या डच वसाहतीपुढे, न्यू ॲमस्टरडॅमपुढे, येऊन उभी राहिली, तेव्हा दोन देशांत युद्धसुद्धा जाहीर झालं नव्हतं. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने तो मुलूख आधीच आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, बहाल करून टाकला होता. 1667 च्या ब्रेडाच्या तहात ठरलं ते एवढंच, की 20 मे रोजी जे ज्याच्या हातात असेल ते त्याचं. रन डचांकडे होतंच, मॅनहॅटन इंग्रजांकडे होतंच. शिवाय त्याच वर्षी इंग्रजांकडून घेतलेलं दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम डचांनी ठेवून घेतलं. ऊस, साखर, नगद पैसा. त्यापुढे मॅनहॅटनच्या बीव्हरच्या कातड्यांना कोण विचारतो?

निवांत_नाना
मूर्ख नका म्हणू, चिकट म्हणा. डच वेस्ट इंडिया कंपनीने त्या वसाहतीला कधी धड पोसलंच नाही. किल्ल्यात तोफेची दारू पुरेशी नाही, तटबंदी कशीबशी उभी. गव्हर्नर स्टाइव्हसंट एका लाकडी पायावर उभा राहून लढायचं म्हणत होता. इंग्रजांच्या अटींचं पत्र त्याने फाडलं, तर लोकांनी त्याला तुकडे जुळवायला लावले! 93 जणांनी लढू नका म्हणून अर्ज दिला, त्यात त्याच्या पोराचीही सही. तुमचे व्यवहारी डच ते हेच.

सई_जर्सी
नाना, त्या लोकांना मी दोष देणार नाही. आमची बिल्डिंग मागच्या वर्षी विकली गेली. नवा मालक कोण, कुठला, कोणी विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, करार तोच राहणार ना? न्यू ॲमस्टरडॅमला तेच झालं. इंग्रजांच्या अटी काय? घरदार तुमचं, धर्म तुमचा, वारसाहक्काच्या चालीरीती तुमच्या. मग झेंडा कोणाचा का असेना.

पण तुम्ही दोघं जहाजं आणि तह मोजताय. त्या घरादारात गुलामही आले. शरणागतीच्या तोंडावर 'गिडियन' जहाज सुमारे 290 आफ्रिकी माणसं घेऊन बंदरात लागलं होतं, त्यांच्यासाठी कोणतं कलम होतं? आणि मी रोज जिथे ट्रेनमधून उतरते तो हडसनचा काठ म्हणजे जुनं पॅव्होनिया. 1643 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर कीफ्टच्या हुकमाने तिथे आसऱ्याला आलेल्या लेनापे लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, रात्री झोपेत कापलं, पोरंबाळंसुद्धा. चोराच्या घरी चोरी झाली, आपण हळहळायचं कशाला?

ॲम्स्टेलकर
सईताई, हळहळतंय कोण? मी ग्रुपवरच्या थापेबद्दल बोलतोय.

तिरफळ
चार्ल्सचं नाव निघालंच आहे म्हणून. याच चार्ल्सला पोर्तुगीजांनी 1661 ला लग्नात मुंबई दिली आणि त्याने 1668 ला ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मूर्खपणाचं बक्षीस त्याला द्या. आणि डचांचं एवढं कौतुक आहे तर आमच्या वेंगुर्ल्याला या. गोव्याची नाकेबंदी करताना रसद मिळावी म्हणून त्यांनी बांधलेली वखार आहे. शाळेत असताना आम्ही तिथे लपाछपी खेळायचो, तेव्हाच भिंतीतून झाडं आली होती. खात्याला पत्रं लिहून थकलो.

पलीकडचा_पक्या
पोर्तुगीजांनी "दिली" काय? गोव्याचा व्हाइसरॉय देऊ नका म्हणून राजाला लिहीत राहिला. ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी शिपमन वाट बघत अंजदीव बेटावर मेला, त्याचे बहुतेक शिपाईही तिथेच गेले. 1665 ला त्याच्या जागी कूकने ताबा घेतला तो फक्त मुंबई बेटाचा. मग लगेच माहीम गिळलं. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली.

तिरफळ
राहिली आणि चिमाजीअप्पांनी घेतली! वसई 1739. हे पण लिहा की.

पलीकडचा_पक्या
आणि 1774 ला इंग्रजांनी साष्टी तुमच्याकडून घेतली, हेही लिहू का?

तिरफळ
"तुमच्याकडून"? तू कुठला रे, लिस्बनचा?

निवांत_नाना
अहो, मॅनहॅटन राहिलं बाजूला! ॲम्स्टेलकर, एकाचं उत्तर द्या. 1673 ला डच आरमाराने तेच शहर परत जिंकलं, न्यू ऑरेंज असं नावही ठेवलं. आणि 1674 ला वेस्टमिन्स्टरच्या तहात हातातलं शहर इंग्रजांना परत! आता तुमचं 20 मेचं कलम कुठे गेलं?

ॲम्स्टेलकर
1672 पासून फ्रेंच घरात शिरले होते हो. इंग्लंडला युद्धातून बाहेर काढणं भाग होतं, त्याची किंमत दिली. बरं, 1674 ला दिलं, मान्य. खूश? पण जायफळासाठी नव्हे.

निवांत_नाना
म्हणजे दिलं. तासभर "दिलं नाही" चाललं होतं.

सई_जर्सी
ज्यांचं होतं त्यांना सोडून सगळ्यांना दिलं.

ॲम्स्टेलकर
ताई, तुमचं बरोबर आहे, पण ते ग्रुपवर टाकलं तर मला काढून टाकतील. तिरफळ, पक्या, मुंबईचा वेगळा धागा काढा कृपा करून.

पलीकडचा_पक्या
काढलाय. तिरफळ, ये तिकडे, पण 1661 चा तह वाचून ये.