लॅपटॉपचा कॅमेरा आणि ॲप स्टोअर एकदमच बंद पडले: दोन्हींचे कारण एकच असेल का?

कोराकागद (प्रश्न)

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि गेल्या आठवड्यापर्यंत त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. शनिवारी एका ऑनलाइन बैठकीत सामील झालो, तेव्हा माझ्या चौकटीत चेहऱ्याऐवजी नावाचे आद्याक्षर दिसू लागले. बैठक संपल्यावर कॅमेरा ॲप उघडले, तर कॅमेरा सापडत नसल्याचा संदेश आला आणि त्याखाली ०एक्सए००एफ४२४४ हा क्रमांक होता. ॲपमध्येच बिघाड असावा असे समजून दुसरे एखादे कॅमेरा ॲप घेण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडले. ते उघडते, ॲप शोधूनही देते. मात्र इन्स्टॉलचे बटण दाबले की थोडा वेळ चक्र फिरते आणि ०एक्स८००७०४२२ हा क्रमांक दाखवून सारे थांबते.

लॅपटॉप दोनदा पुन्हा सुरू करून पाहिला. कुठेतरी वाचले होते म्हणून डब्ल्यूएसरीसेट ही आज्ञाही चालवली. एक काळी खिडकी उघडली, मिनिटभराने आपोआप मिटली आणि स्टोअर पुन्हा उघडले, पण तोच क्रमांक पुन्हा आला. तारीख आणि वेळ बरोबर आहे, इंटरनेटही व्यवस्थित चालते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडल्या असल्याने कारणही एकच असावे, असे मला वाटते. नेमके कुठून पाहायला सुरुवात करावी?

सांजवात

मी तुमच्या जागी असतो, तर विंडोज रीसेट करून मोकळा झालो असतो. वैयक्तिक फायली तशाच ठेवण्याचा पर्याय त्यात असतो. एकेक दोष शोधत बसण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा हे बरे.

उंबरठा

सांजवात यांचा उपाय चालेल, पण तो अगदी शेवटी करावा असे माझे मत आहे. फायली राहिल्या तरी स्वतः बसवलेले सगळे प्रोग्रॅम जातात, आणि ते परत बसवण्यात दोन दिवस गेलेच म्हणून समजा. शिवाय तुम्ही दिलेल्या दोन क्रमांकांपैकी एक इतका बोलका आहे की रीसेटची गरज पडेल असे मला वाटत नाही.

आधी स्टोअरचा क्रमांक पाहू. ०एक्स८००७ या सुरुवातीचा अर्थ एवढाच की ही चूक विंडोजच्या नेहमीच्या त्रुटींच्या यादीतली आहे. खरी माहिती शेवटच्या ४२२ मध्ये आहे. हा आकडा षोडशमान (सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीतला आहे; दशमानात त्याचे १०५८ होतात, आणि १०५८ म्हणजे ‘सेवा बंद करून ठेवलेली असल्यामुळे ती सुरू करता येत नाही’. म्हणजे तुमचे स्टोअर बिघडलेले नाही. ते ज्या पार्श्वसेवेला (पडद्यामागे चालणाऱ्या विंडोजच्या छोट्या प्रोग्रॅमला) हाक मारते, तिला कोणीतरी कुलूप लावले आहे. डब्ल्यूएसरीसेटचा उपयोग का झाला नाही तेही यावरून कळते. ती आज्ञा स्टोअरचा साठवून ठेवलेला तात्पुरता विदा पुसते, सेवांना हात लावत नाही.

सर्व्हिसेसची खिडकी उघडून तीन नावे शोधा: विंडोज अपडेट, मायक्रोसॉफ्ट स्टोअर इन्स्टॉल सर्व्हिस आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस. स्टोअरमधून ॲप उतरवण्याचे काम विंडोज अपडेटच्याच यंत्रणेतून होते, त्यामुळे अपडेट बंद केले की स्टोअर दिसते, पण काही उतरवत नाही. यांपैकी जिच्यासमोर ‘डिसेबल्ड’ असेल तिचा प्रकार ‘मॅन्युअल’ करा. अनेक जण सगळ्याच सेवा ‘ऑटोमॅटिक’ करून टाकतात. तसे करण्याची गरज नाही. सेवा मॅन्युअल असली तरी गरज पडताच विंडोज ती स्वतः सुरू करते. त्याच यादीत विंडोज कॅमेरा फ्रेम सर्व्हर हीदेखील दिसेल. एकाच वेळी एकाहून अधिक ॲपना कॅमेऱ्याचे चित्र पुरवता यावे यासाठी २०१६ मध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर कॅमेऱ्याची वाट या सेवेतून वळवण्यात आली. तीही बंद केलेली नाही ना, हे पाहून घ्या.

कॅमेऱ्याचा क्रमांक मात्र वेगळे सांगतो. ०एक्सए००एफ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेरा जोडलेलाच दिसत नाही. परवानगी नसणे आणि कॅमेराच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून कारण एकच आहे असे आताच धरून चालू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कॅमेऱ्यांचा गट दिसतो का, ते कळवा.

आणि एक प्रश्न. अशा सेवा आपण होऊन ‘डिसेबल्ड’ होत नाहीत. गेल्या काही दिवसांत लॅपटॉप वेगवान करणारा किंवा गोपनीयता जपणारा एखादा प्रोग्रॅम चालवला होता का?

कोराकागद

आपला शेवटचा प्रश्न वाचून कान पकडले. होय, गुरुवारी रात्री एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला होता. लॅपटॉपमधून बाहेर जाणारी माहिती थांबवतो आणि अनावश्यक गोष्टी बंद करतो, असे त्यावर लिहिले होते. पडद्यावर साठेक चौकोनांची यादी आली, त्यावर ‘सर्व शिफारशी लागू करा’ असे मोठे बटण होते आणि मी ते दाबले.

विंडोज अपडेट आणि स्टोअर इन्स्टॉल सर्व्हिस या दोन्ही ‘डिसेबल्ड’ होत्या. दोन्ही मॅन्युअल केल्या, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि स्टोअरमधून ॲप पहिल्याच प्रयत्नात उतरले. फ्रेम सर्व्हर आधीपासूनच मॅन्युअल होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र कॅमेऱ्यांचा गटच नाही. लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर कॅमेऱ्याचे नाव फिकट रंगात दिसते आणि त्याच्या माहितीत ‘कोड ४५’ लिहिलेले आहे.

पाटीपेन्सिल

सिस्टिम रिस्टोअरमध्ये गुरुवारच्या आधीचा बिंदू असेल तर तिथे परत जा. सगळेच एका झटक्यात पूर्ववत होईल.

कोराकागद

पाहिले. रिस्टोअरच बंद केलेले आहे. तोही बहुधा त्या साठ चौकोनांपैकीच एक असावा.

उंबरठा

कोड ४५ चा अर्थ असा की हे उपकरण पूर्वी जोडलेले होते, पण सध्या जोडलेले नाही. बहुतेक लॅपटॉपमधला कॅमेरा आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असतो. पडद्याच्या बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारेतून तो मुख्य फळ्याला मिळतो. त्यामुळे तीन शक्यता उरतात. एक म्हणजे ती तार सैल झाली असेल. दुसरी अशी की लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या यूईएफआयच्या पटलात कॅमेरा बंद केलेला असेल. तिसरी शक्यता मला सर्वांत दाट वाटते: कळफलकावरची कॅमेरा बंद करण्याची कळ. काही लॅपटॉपमध्ये ही कळ नुसते चित्र झाकत नाही, तर कॅमेऱ्याची जोडणीच तोडते. मग विंडोजच्या लेखी कॅमेरा उपटून काढल्यासारखाच असतो. वरच्या रांगेत कॅमेऱ्यावर तिरकी रेघ असलेले चिन्ह शोधा आणि ती कळ एकदा नुसती, एकदा एफएन कळीसोबत दाबून पाहा. डिव्हाइस मॅनेजर समोर उघडा ठेवलात, तर यादी तत्काळ बदलताना दिसेल.

कोराकागद

आपला अंदाज बरोबर ठरला. आवाज वाढवण्याच्या कळीला लागूनच ती कळ आहे आणि तिच्यावर एक बारीक नारिंगी दिवा जळत होता, ज्याकडे माझे कधीच लक्ष गेले नव्हते. एफएनसह दाबताच दिवा विझला, डिव्हाइस मॅनेजरची यादी क्षणभर लुकलुकली आणि कॅमेऱ्यांचा गट परत आला. बैठकीत आवाज वाढवताना माझ्याच हातून ती कळ दाबली गेली असणार.

तरीही चित्र येत नाही. कॅमेरा ॲप आता कॅमेरा सापडत नाही असे न म्हणता परवानगी नाही असे म्हणते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली कॅमेऱ्याचे पान उघडले, तर ॲपना परवानगी देण्याचे बटण फिकट आहे, दाबता येत नाही. वर एक ओळ आहे: यांतील काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, कोणत्याही संस्थेचा नाही.

उंबरठा

आता तुमचा गुरुवारचा प्रोग्रॅम पुन्हा गाठ पडला. घरच्या लॅपटॉपवर ती ओळ दिसली की संस्था शोधू नये. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ नोंदवहीत, कोणीतरी धोरण (सक्तीचा नियम) लिहून ठेवले आहे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. त्या प्रोग्रॅममध्ये बदल मागे घेण्याची सोय असेल, तर फक्त कॅमेऱ्यापुरता बदल मागे घ्या. ती सोय नसेल, तर रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपप्रायव्हसी अशा क्रमाने आत जा. तिथे ‘लेटॲप्सॲक्सेसकॅमेरा’ अशी सलग नावाची नोंद असेल आणि तिचे मूल्य २ असेल. २ म्हणजे सक्तीची मनाई, १ म्हणजे सक्तीची परवानगी आणि ० म्हणजे निर्णय वापरणाऱ्याच्या हाती. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून तिची प्रत ठेवा, मग तेवढी एकच नोंद पुसा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. शेजारी मायक्रोफोन आणि लोकेशन यांच्याही नोंदी दिसण्याची शक्यता आहे; त्या ठेवायच्या की नाहीत, हे तुमचे तुम्ही ठरवा.

सांजवात

रीसेटचा सल्ला मागे घेतो. पण नवीन विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या रिकव्हरी पानावर, प्रोग्रॅम न घालवता विंडोजची चालू आवृत्ती पुन्हा बसवण्याची सोय आहे. मी खरे तर तीच सुचवायला हवी होती, नाही का?

उंबरठा

ती सोय चांगली आहे, मात्र ती विंडोज अपडेटच्याच मार्गाने चालते, आणि यांच्याकडे पहिल्या दिवशी बंद होते ते नेमके विंडोज अपडेटच.

कोराकागद

नोंदीचे मूल्य २ च होते. ती पुसल्यावर बटण दाबता येऊ लागले आणि कॅमेरा सुरू झाला. मायक्रोफोनचीही तशीच नोंद सापडली, तीही प्रत ठेवून काढली. स्थानाची नोंद तशीच राहू दिली आहे, कारण ती मला खरोखरच बंद हवी होती. सिस्टिम रिस्टोअर आता सुरू केले आहे. सर्वांचे आभार.