६० टनांचा, पायांवर चालणारा रणगाडा चिखलात ट्रॅकला मागे टाकेल? आधी गणित मांडा

ट्रॅकपिन
'काल्पनिक रणगाड्यांमध्ये चार पायांचाच खरा व्यवहार्य. चिखलात ट्रॅक (चाकांवरून फिरणारा पोलादी पट्टा) रुततो, पाय उचलता येतो.' काल इथे हे कुणीतरी ठासून लिहिलं आणि खाली सहमतीची रांग लागली. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

वजन ६० टन धरा. ट्रॅकची टेकलेली लांबी ४.८ मीटर, रुंदी ६० सेंमी, असे दोन: ५.७६ चौ.मी. दाब चौरस सेंटिमीटरला १.०४ किलो. आता दीड मीटर व्यासाची चार पावलं, प्रत्येकी १.७७ चौ.मी. उभं असताना दाब ०.८५, म्हणजे ट्रॅकपेक्षा कमी. पण चालायचं तर पाऊल उचलावं लागणार.

षट्पाद
उचला की! तीन पावलं ५.३ चौ.मी., दाब १.१३. एवढ्याशा फरकासाठी वेगळा धागा?

ट्रॅकपिन
तिन्ही पावलांवर भार सारखा पडतो हे कुठून काढलंत? पाय आयताच्या चार कोपऱ्यांवर, गुरुत्वमध्य मधोमध. एक पाय उचलला की तो मध्य नेमका कर्णावर येतो. कर्णावरची दोन पावलं सगळं वजन घेतात, तिसरं नुसतं टेकलेलं असतं. दाब १.७. तिसऱ्यावर भार आणायचा तर दर पावलाआधी सगळं धड बाजूला सरकवा. शिवाय रुतलेलं पाऊल उपसताना चिखल खाली ओढतो, तो भारही उरलेल्या पायांवरच.

षट्पाद
कर्णाचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. मग सहा पाय घ्या. तीन-तीनची तिपाई, मध्य कायम आत. ओहायो स्टेट विद्यापीठाने १९८०च्या दशकात माणूस बसवून चालणारं सहा पायांचं यंत्र केलेलं आहे. आणि तुमचं १.०४ ही नुसती सरासरी. वजन रोडव्हीलच्या, म्हणजे ट्रॅकवर धावणाऱ्या चाकांच्या, खाली साचतं, दोन चाकांमधला ट्रॅक फारसा भार घेत नाही. तिथला कमाल दाब मोजा, दुपटीच्या वर जाईल. हे का लपवलंत?

ट्रॅकपिन
लपवलं नाही, राहिलं. मान्य.

उसाचं रान
नुसता दाबच मोजत बसणार का? पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची भारत-पाक लढाई आठवा, सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे साधारण ४५ टनांचे, आपले सेंच्युरियन ५१ टनांचे. पाणी सोडलेल्या शेतांत रुतले ते हलके पॅटन!

शेरमन
दर वेळी सेंच्युरियन! आपल्या रेजिमेंटांपैकी ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन होते, पण ९ डेक्कन हॉर्स शेरमन रणगाडे घेऊन लढली आणि ८ कॅव्हलरीकडे हलके एएमएक्स-१३ रणगाडे होते. त्यांचं नाव कुणी काढत नाही, याची खरंच चीड येते. आणि तुलनाच चुकीची आहे. पॅटन ओल्या रानातून पुढे येत होते, आपले रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसले होते. जो हलतो तो रुततो.

उसाचं रान
चीड आली म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. जमीन ओळखणं वजनापेक्षा मोठं, एवढंच म्हणतोय.

शेरमन
मग तेवढंच लिहायचं होतं. वजनाचे आकडे कशाला दिलेत?

ट्रॅकपिन
भांडण थांबवा, यातच उत्तर आहे. सेंच्युरियनची उंची साधारण ३ मीटर, म्हणून तो तिथल्या उसाच्या शेतांत लपला. टी-७२ तर सव्वादोन मीटरच्या आत. तुमचा सहापायी उभा राहिला की धडच उसाच्या वर.

षट्पाद
पाय दुमडून बसेल. स्वीडनचा एस-टँक हा रणगाडा हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि दाबलेल्या वायूच्या) सस्पेन्शनवर अख्खं धड वाकवून नेम धरत असे. आणि एक पाय गेला तर पाचांवर लंगडत निघता येतं. ट्रॅक तुटला की तुम्ही जागेवर गोल फिरणार.

ट्रॅकपिन
ट्रॅक तुटला तर क्रू रणगाड्यावरच टांगलेली जादा कडी काढतो, खराब कडीची पिन घणाने बाहेर ठोकतो, नवी जोडतो, ताण देतो. क्रेन लागत नाही. तुमच्याकडे पायाला तीन सांधे, म्हणजे एकूण १८. प्रत्येक सांधा हलवणाऱ्या सिलिंडरला तेलाचे दोन होज (लवचिक नळ्या), झाले ३६, आणि सगळे सतत वाकणारे. एक फुटला की पाय लोंबकळतो, वर धरून ठेवायलाही दाब उरत नाही. लंगडणार कसे? सांध्यावर चिलखत चढवा म्हणाल, तर १०० मिमी पोलादाचा एक चौरस मीटर ७८५ किलोंचा, आणि गुडघा वाकायची फट तरीही उघडीच.

षट्पाद
होजला दोन्ही टोकांना झडप लावली तर पाय आहे त्या कोनात अडकून राहील, लोंबकळणार नाही. चिलखताचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. १० टनांच्या आत, बिनचिलखती, डोंगरात दारूगोळा वाहायला?

ट्रॅकपिन
त्याला विरोध नाही. पण मग त्याला रणगाडा म्हणू नका.