मदत हवी आहे: परदेशी पाहुणी घरी उतरणार, सी फॉर्म कोणी भरलाय का?

नमस्कार मंडळी. आम्ही नेरुळला राहतो. लेकीची जर्मनीतली मैत्रीण येत्या शनिवारी पहाटे येतेय, ई-टुरिस्ट व्हिसावर, पंधरा दिवस आमच्याकडेच. सी फॉर्म (परदेशी पाहुणा कुठे उतरलाय ते सरकारला कळवायचा फॉर्म) हॉटेलवाले भरतात एवढंच ठाऊक होतं. पाहुणा घरी उतरला तरी यजमानाने 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, हे परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. नियम योग्यच आहे, पाळायचाच आहे. (180 दिवसांहून मोठ्या व्हिसाची एफआरआरओकडची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडची, नोंदणी वेगळी, ती तिला लागू नाही.)

अडचण अशी की पोर्टलवर आधी यजमान म्हणून खातं काढावं लागतं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, लाइट बिलही त्यांचंच, आणि ते असतात गावी. खातं माझ्या आधारवर काढलं तर चालेल का? शिवाय मधल्या दोन रात्री ती अलिबागला होमस्टेमध्ये राहणार. परत आली की आम्ही नव्याने फॉर्म भरायचा का?

नेरुळ, वाशी, ठाण्यात कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. पोरगी पहिल्यांदाच भारतात येतेय, आमच्या चुकीमुळे तिला विमानतळावर अडवलेलं मला सहन होणार नाही. एजंट सुचवू नका.