अनुभव धागा : गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला, दोष कुठं निघाला?

कारनं अ‍ॅव्हरेज सोडला की आपल्याकडे पहिला सल्ला इंजेक्टर साफ करण्याचा मिळतो. पैसे जातात, आकडा जागेवरच राहतो. तुमच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत दोष नेमका कुठं निघाला आणि कसा ओळखला, तेवढं लिहा.

मोजणीपासून सुरू करतो. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, वरून ठासून भरू नका. ट्रिप शून्य करा, निदान 300 किमी चालवा आणि त्याच पंपावर, त्याच नोझलनं पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. 342 किमीला 21.4 लीटर लागलं तर अ‍ॅव्हरेज 15.98. असं दोनदा करा. काट्यावरून किंवा "पाचशेचं टाकलं, एवढी चालली" या हिशेबानं काहीच कळत नाही.

कारंजा लाडहून

मोजताना रस्ताही लिहून ठेवा. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 वरून 120 वर गेलं की तो सव्वादोनपट होतो. वर कॅरिअर असेल तर आणखी भर. तीच गाडी 80-90 वर चालवून आकडा परत आला, तर पाना हातात घेऊ नका.

वरुडहून

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो आणि बहुतेक गाड्यांत तो दोन प्रकारे दिलेला असतो, साध्या वजनाचा आणि भरल्या गाडीचा. मागं संत्र्याचे क्रेट भरून नेता, तर दुसरा आकडा पाळा. मे महिन्यात दुपारी तापलेलं टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं. ती हवा सोडू नका, सकाळी टायर बसलेलं दिसेल.

वणीहून

पावसाळ्यानंतर अ‍ॅव्हरेज पडला असेल तर सगळ्यात आधी ब्रेक बघा. पांदण रस्त्याचा काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत बसतो आणि वाळून दगड होतो. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, ज्या स्लाइड पिनवर सरकतो तिचं रबर फाटलेलं असलं की पाणी आत जातं, पिन गंजते आणि पॅड डिस्कला घासत राहतं. पेडल मात्र नेहमीसारखंच लागतं, म्हणून चालवणाऱ्याला पत्ता नसतो.

ओळखायचं असं. आठ-दहा किमी मोकळ्या रस्त्यावर चालवा, शेवटी ब्रेक जवळपास न लावता गाडी आपोआप थांबू द्या. मग चारही रिमजवळ तळहात न्या, रिमला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं की तेच. जॅकवर उचलून हातानं फिरवा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून बघा.

पिन काढून गंज साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते. पिना मोकळ्या असूनही चाक जाम असेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) थोडा सैल करा. चाक लगेच सुटलं तर पिस्टन ठीक आहे. ब्रेक ऑइलची रबरी होज आतून बंद झाली आहे, नाहीतर पेडलकडचा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. मागच्या ड्रममध्ये बहुतेक वेळा हँडब्रेकची केबल अडकलेली निघते.

दर्यापूरहून

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर मळला तर पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेजला फारसा धक्का लागत नाही, कारण आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सुटतं. टर्बो डिझेल मात्र काळा धूर काढायला लागतं. तरीही फिल्टरचा डबा उघडाच. गाडी कुटाराच्या ढिगाजवळ उभी राहत असेल तर आत उंदराचं घरटं सापडतं आणि शेजारी ऑक्सिजन सेन्सरची कुरतडलेली वायर. अ‍ॅव्हरेज त्या वायरीनं पडलेला असतो.

काटोलहून

इथेनॉलचा हिशेबही धरा. लीटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सहा-सात टक्के कमी, ई10 पेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. 18 चा 17 झाला तर समजू शकतं. 18 चा 14 झाला तर दोष गाडीत आहे.

आर्णीहून

विदर्भात जुन्या गाड्यांत हमखास सापडणारा दोष अजून कुणी लिहिला नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा) काढून फेकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) ते थंड दिसतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलही घट्ट राहतं. डिसेंबरच्या सकाळी तर अ‍ॅव्हरेज फारच खाली येतो. काही इंजिनांत व्हॉल्व्ह नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही पाण्याचं तापमान 80 च्या वर जात नसेल तर व्हॉल्व्ह नाही किंवा उघडा अडकला आहे. काढलेला व्हॉल्व्ह गंजात (भांड्यात) पाण्यात दोऱ्यानं लटकवून थर्मामीटरसह तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा 82 ते 88, तो उघडायला लागला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

दर्यापूरहून, पुन्हा

भाऊ, पण गाडी मुळात तापते कशानं? आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकतात, त्याची खपली आत बसते. बाहेरून जाळीत कापसाची तूस आणि धूळ. हे साफ न करता नवा व्हॉल्व्ह बसवला तर एप्रिलमध्ये तो पुन्हा निघणार.

आर्णीहून

बरोबर आहे भाऊ. जाळी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा, जोरात मारलं तर पत्र्या वाकतात. एसीचा कंडेन्सरही त्याच वेळी धुऊन घ्या. पंख्याचा फ्यूज आणि रिले तपासा. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. नवा व्हॉल्व्ह बसवताना त्यावरची लहान हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथूनच अडकलेली हवा निघते. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा.