‘गर्दी वाचवायला जीव दिला’ हे दर वेळी ठरवतं कोण?

कृष्णाकाठ (सातारा)
आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय, तुमच्याकडंही फिरत असेलच. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोत आपलं तेजस लढाऊ विमान पडलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, त्यावरचा मेसेज. ‘वीराने शेवटच्या क्षणी विमान गर्दीपासून दूर नेले, हजारो जीव वाचवले. जे चौकशी चौकशी करतायत त्यांनी आधी स्वतः विमान उडवून दाखवावे.’ खाली तिरंगा, हात जोडलेले, आणि पंचवीस जणांचं जय हिंद.

माणूस गेलाय, त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल ते आपण इथं बसून बोलू नये. तेजसचं नेमकं काय झालं ते कोर्ट ऑफ इन्क्वायरी (हवाई दलाची चौकशी) बघेल, मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही. मला राग आलाय तो त्या ‘दूर नेले’चा. अहो गर्दी वाचते ती डिस्प्ले लाईनमुळं, म्हणजे विमानानं ओलांडायची नाही अशी आखलेली रेषा. विमान प्रेक्षकांना समांतर उडवायचं, कसरत करताना नाक गर्दीकडं आणायचं नाही, अमेरिकेत तर विमानाच्या वेगाप्रमाणं ५००, १००० आणि १५०० फूट असं अंतर ठरवून दिलेलंय, म्हणजे पडलं तरी माणसांत पडू नये हा हिशोब कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. युरोपात हे नियम कडक कशामुळं झाले तेही बघा. २८ ऑगस्ट १९८८, जर्मनीतलं रामस्टाईन. इटलीची फ्रेचे त्रिकोलोरी टीम आकाशात हृदय काढत होती, त्यातून एक विमान आरपार जाणार होतं ते पण गर्दीच्या दिशेनं तोंड करून. विमानं एकमेकांवर आदळली, ते एक थेट लोकांत आलं, ७० मेले. २००२ ला युक्रेनमध्ये ल्विवला सुखोई-२७ गर्दीत घुसलं, ७७ मेले, त्यात २८ लहान पोरं. दोघं वैमानिक इजेक्ट होऊन (सीटसकट बाहेर फेकले जाऊन) वाचले आणि पुढं शिक्षा झाली. तिथं नाही कोणी दूर नेलं.

एकदा बलिदान म्हटलं की विषय संपला. मग एवढ्या खाली कसरत करायची परवानगी कुणी दिली, कुठल्या उंचीला सोडून द्यायचं ठरलं होतं, हे विचारणारा देशद्रोही.

अपशिंगेचा फौजी
लेख वाचला. मोबाईलवर बघून लिहिलाय हे कळतंय, तरी वाचला. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, रिटायर होऊन शेती करतोय. डिस्प्लेचा वैमानिक म्हणजे कोण उचलून बसवलेला माणूस नसतो ओ. आधी उंचावर सराव, तो पास झाला की खालची परवानगी, ती पास झाली की अजून खाली, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक वळणाचा वेग, उंची, इंधन ठरलेलं. त्याला माहीत असतं तो काय करतोय. आणि विमान विकायचंय ना? गिऱ्हाईक कागद वाचून फायटर घेत नाही, वळवून दाखवा म्हणतं. तुम्ही म्हणाल ती उंची ठेवली तर ठिपका दिसंल ठिपका.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. ‘परवानगी कुणी दिली’ हे वाक्य आमच्या आयाबायांनी वाचलं तर त्यांना काय वाटंल ह्याचा पण विचार करा.

मिरज जंक्शन
काका तुमच्याबद्दल आदर आहे पण ‘त्याला माहीत असतं’ हे उत्तर नाही. २००३ ला अमेरिकेत माउंटन होमला थंडरबर्ड्सचं एफ-१६ पडलं. ती तर अमेरिकी हवाई दलाची कसरतीची टीम, जगातली एक नंबर. सराव ज्या तळावर केला तो कमी उंचीवर, शो ज्या तळावर तो सुमारे हजार फूट जास्त उंचावर. वैमानिकानं डोक्यात सरावाच्याच जागेचा हिशोब धरला, जमिनीपासून २५०० फूट वर जायला पाहिजे होतं तर १६७० लाच पलटी मारली. आदळायच्या ०.८ सेकंद आधी बाहेर पडला म्हणून जिवंत. एवढा शिकलेला माणूस चुकतो तर चूक गृहीत धरूनच नियम पाहिजे. खाली उडताना तेच तर नसतं, चूक सुधारायला लागणारी उंची.

कृष्णाकाठ (सातारा)
@फौजी काका, ठिपका दिसेल म्हणता, मग शोरहॅमचं घ्या. इंग्लंड, २०१५, जुनं हॉकर हंटर. लूपच्या (उभ्या गोल गिरकीच्या) टोकाला कमीत कमी ३५०० फूट पाहिजे होते, विमान पोचलं २७०० ला, कारण आत शिरतानाच वेग कमी होता. टोकाला उंची नाही मिळाली तर लूप तिथंच सोडायचा, विमान सरळ करून निघून जायचं, एवढंच करायचं होतं. नाही केलं. हायवेवर पडलं, ११ जण गेले. त्यातले बरेच शो बघायला आलेलेपण नव्हते, गाडीतून आपल्या कामाला चाललेले. वैमानिक वाचला, कोर्टातून निर्दोष सुटला. आपल्याकडं २०१० ला हैदराबादला बेगमपेटच्या शोत नौदलाच्या सागर पवन टीमचं किरण विमान वस्तीतल्या इमारतीवर पडलं, दोघं अधिकारी गेले. मी म्हटलेली डिस्प्ले लाईन प्रेक्षकांना वाचवते, शेजारच्या गल्लीला कोण वाचवणार?

सांगलीवाडीची सून
मला तुम्हा सगळ्या पुरुषांचं कळत नाही. फूट, वेग, लूप. मुळात शो कशाला पाहिजे? ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईत मरीना बीचवर विमान पडलंही नाही तरी ५ माणसं गेली, उन्हानं आणि गर्दीनं. आणि २०१९ चं एरो इंडिया विसरलात? १९ फेब्रुवारीला बंगळूरजवळ येलहंकाला हवाई दलाच्या सूर्यकिरण टीमची दोन हॉक विमानं रिहर्सलमध्ये धडकली, एक वैमानिक गेला. तरी शो झालाच. मग २३ तारखेला पार्किंगला आग लागून ३०० च्या आसपास गाड्या जळाल्या, त्यातली एक माझ्या भावाची. नवी घेतलेली, हप्ते चालू. इन्शुरन्सवाले म्हणाले गाडी वाळल्या गवतात लावली हा तुमचा निष्काळजीपणा. अरे लावायला सांगितली तिथं लावली ना! फोटो द्या म्हणे गाडीचे, आगीआधीचे. कोण काढतं पार्किंगमध्ये गाडीचे फोटो? दीड वर्ष फिरवलं त्याला. कंपनीचं नाव लिहित नाही, उगाच नोटीस यायची. पण ज्यांना विमानं बघायचीयत त्यांनी घरी टीव्हीवर बघा.

कराडचा त्रस्त
इथं शोच्या गप्पा चालल्यात, आणि आमच्या विमानतळाच्या विस्ताराचं भिजत घोंगडं कधीचं पडलंय. वारुंजी, मुंढेकडच्या लोकांना विचारा जमीन जाणार म्हणून झोप लागत नाही ते. आणि सांगलीकरांची कवलापूरची धावपट्टी, तिथं विमान कमी आणि भाषणं जास्त उतरली. आधी साधं प्रवासी विमान आणा मग लूप मारा.

तासगावकर
ताई सगळं बंदच करायचं म्हणता मग कवठेएकंदचा दसरा पण बंद का? तिथं काय कमी धोका आहे? माणसं आतषबाजीच्या दहा फुटांवर उभी असतात, पोरं खांद्यावर. तिथं कुठली डिस्प्ले लाईन?

कवठेएकंदकर
आलं का. कुठलाही विषय निघू दे, आमच्या गावावर यायचंच. सिद्धराजाच्या पालखीपुढं आमचं दारूकाम (आतषबाजी) कित्येक पिढ्यांचं आहे, तुमच्या एअर शोसारखं गिऱ्हाईकाला दाखवायला नाही. मंडळं महिनोन्महिने राबतात. आणि तासगावकर, दसऱ्याच्या रात्री पुढं घुसणारे कोण असतात माहितंय का, तुमच्याच गावचे, व्हिडिओ काढायला. गावातला माणूस मागं उभा राहतो कारण त्याला ठिणगी कुठं जाते ते कळतं.

तासगावकर
बरं बरं, २०१५ ला तिथल्या फटाक्याच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली ती पण आमच्याच गावची होती का?

कवठेएकंदकर
ती कारखान्यातली मजुरी करणारी माणसं होती, दसऱ्याचा काय संबंध? एवढ्या हलक्यात नाव घेऊ नका. माझ्या चुलत्याचा उजवा हात औट (दारूकामातला एक प्रकार) भरताना भाजला, दोन बोटं वाकत नाहीत अजून. दुसऱ्या वर्षी परत बसला भरायला. आम्ही कोणी त्याला वीर म्हटलं नाही आणि तो बी म्हणत नाही. चुलती मात्र अजून शिव्या घालते, आणि त्याला चहा पण तीच कपात ओतून देते कारण त्याला किटली धरता येत नाही.

सांगलीवाडीची सून
हेच तर म्हणतेय मी. चुलतीला कुणी विचारलं होतं का?

कवठेएकंदकर
ताई तुम्ही आमच्या घरात नका येऊ.

वाई पसरणी
बैलगाडी शर्यतीचं पण बोला की मग. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी कायम केली तेव्हा पेढे वाटले आम्ही. शर्यत बैलांवर चाललेली, वाद बैलांवर, आणि फाट्यावर वळणाला उभ्या माणसाचा कोण विचार करत नाही. गाडा पळायला लागला की लोक पुढं सरकतातच. दोरी बांधा नाहीतर बांबू लावा, खालून येतातच.

तासगावकर
नाद एकच बैलगाडा शर्यत 🔥

मिरज जंक्शन
अरे मूळ विषय काय होता! कवठेएकंदचा वाद वेगळा काढा, इथं वीस रिप्लाय दारूकामावर झालेत.

अपशिंगेचा फौजी
मूळ विषयावर येतो. शोरहॅमचं जे लिहिलंय ते मी वाचलं. टोकाची उंची नाही मिळाली तर सोडून द्यायचं, हे आमच्याकडंही सांगितलं जातं, सगळीकडंच. एवढं मान्य. पण लोक ‘इजेक्ट का नाही केलं’ विचारतात तेव्हा मला हसू येतं. सीट शून्य उंचीला शून्य वेगाला चालते हे खरं, पण विमान जमिनीवर सरळ थांबलेलं असेल तर. नाक खाली आणि जमीन वेगानं वर येत असली की सीट तुम्हाला वर नाही, विमान चाललंय त्याच दिशेनं घेऊन जाते आधी. पॅराशूट उघडायला वेळच राहत नाही. हे कुठल्या चॅनलवाल्यानं सांगितलं? रात्रभर अँकर ओरडत होता बटण दाबलं का नाही. बटण नसतंय, खेचायचं हँडल असतंय.

कृष्णाकाठ (सातारा)
काका हे तुम्ही पहिल्याच रिप्लायमध्ये लिहिलं असतं तर मी तुम्हाला हात जोडले असते. आणि माझं म्हणणं ह्याहून वेगळं काय होतं? एवढ्या खाली गेल्यावर सीट पण वाचवू शकत नसेल तर गर्दीपासून विमान दूर न्यायला त्याला सेकंद कुठनं मिळाला, तो मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

अपशिंगेचा फौजी
मेसेज मी लिहिलेला नाही. फॉरवर्ड केला होता.

कृष्णाकाठ (सातारा)
😐

अपशिंगेचा फौजी
आणि परत करीन. दुबईत त्या दिवशी थोड्या वेळानं शो परत चालू झाला, लोक उत्साहात बघत होते. अमेरिकेच्या एफ-१६ वाल्या टीमनं आपलं शेवटचं उड्डाण मान राखून रद्द केलं, एवढी लाज त्यांना वाटली. लोक दोन मिनिटं पण थांबत नसतील तर मी मेसेज फॉरवर्ड नको करू तर काय करू? चौकशी होऊ दे, शंभर वेळा होऊ दे, शिस्तीत होऊ दे. नियम बदलायचा असंल तर तोही बदला, कमीत कमी उंची वाढवा, मी अडवत नाही. पण पहिल्याच दिवशी चूक कुणाची म्हणून लेख नको.

मिरज जंक्शन
म्हणजे उंची वाढवायला तुमची हरकत नाही? मग गेले दोन तास कशावर भांडलो आपण?

अपशिंगेचा फौजी
तुम्ही भांडला. मी उसाला पाणी सोडून आलो.

सांगलीवाडीची सून
मी अजून ‘बंद करा’वरच आहे, कोणीतरी नोंद घ्या.

कराडचा त्रस्त
आणि वारुंजीच्या जमिनीचं?

कवठेएकंदकर
@सांगलीवाडी ताई, मघाशी जरा जास्त बोललो. चुलती म्हणते दसऱ्याला या, जेवायलाच या. गाडी तासगाव रोडला डांबरावर लावा, आणि आधी फोटो काढून ठेवा.