परदेशी विद्यापीठ पाहायला कोणाला पाठवावे: प्राचार्यांना की परीक्षा विभागातील अधीक्षकांना?

घंटाळीकर (ठाणे), मूळ मांडणी

परदेशी शिष्यवृत्ती म्हटले की विद्यार्थी किंवा संशोधक डोळ्यांसमोर येतो. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्यांनाही दुसऱ्या देशाची उच्च शिक्षणव्यवस्था अभ्यासण्यासाठी अनुदाने मिळतात, हे ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या कार्यालयांत फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी अनुदान देणाऱ्या फुलब्राइट योजनेचा भारताशी करार १९५० मध्ये झाला, आणि २००८ मधील नव्या करारापासून दोन्ही सरकारे समान भागीदार म्हणून तिचा भार उचलतात. या योजनेत प्रशासकांसाठी स्वतंत्र चर्चासत्र आहे. अमेरिकेतील प्रशासकही अशाच रीतीने जर्मनी, जपान, फ्रान्स या देशांत सुमारे दोन आठवड्यांसाठी जातात. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत तर शिक्षकेतर कर्मचाऱ्यालाही प्रशिक्षणासाठी जास्तीत जास्त दोन महिने जाता येते. मात्र त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये आधी करार झालेला असावा लागतो.

माझे म्हणणे असे आहे की, जिथे नियम आडवे येत नाहीत तिथे संस्थांनी कुलगुरू, प्राचार्य आणि अधिष्ठाता यांच्याऐवजी परीक्षा, पात्रता आणि प्रवेश या विभागांतील अधीक्षकांची नावे पाठवावीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली, आणि २०२१ मध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणारी शैक्षणिक श्रेयांक पेढीही आली. तरीही एका महाविद्यालयात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या महाविद्यालयाच्या कोणत्या विषयाशी जुळवायचे, जुना एटीकेटीचा (नापास होऊनही पुढच्या वर्गात नेलेला) विषय तसाच पुढे न्यायचा की रद्द धरायचा, आणि यावर सही कोणाची, हे प्रश्न शेवटी कार्यालयातील एका टेबलावरच येऊन थांबतात. अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. त्यामुळे कोणता विषय कोठे ग्राह्य धरायचा, याचे लेखी करार अनेक ठिकाणी संस्था आपसांत आधीच करून ठेवतात, आणि विद्यार्थ्याला ते प्रवेश घेण्यापूर्वी वाचता येतात. हे करार रोज अमलात आणणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याचे काम पाहण्याची संधी आपल्या अधीक्षकांना मिळाली पाहिजे. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहून परतणाऱ्या शिष्टमंडळांनी हा प्रश्न कधी विचारलेला मला तरी दिसला नाही.

नेरुळकर

आपली तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. अमेरिकी विद्यापीठ स्वतः शिकवते, स्वतः परीक्षा घेते आणि स्वतःच पदवी देते. मुंबई विद्यापीठ शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचा भार वाहते. रचनाच वेगळी असताना तिथल्या कार्यपद्धतीतून इथल्या अधीक्षकाच्या हाती काय लागणार? आपण हा प्रयोग पूर्वी एकदा करून पाहिला आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील शिक्षणविषयक आदेशपत्राने) लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे केवळ परीक्षा घेणारी विद्यापीठे उभी राहिली. पुढे १८९८ च्या कायद्याने लंडनने स्वतः तो नमुना बदलून अध्यापनाची जबाबदारी घेतली. आपण मात्र संलग्नतेचे ते ओझे अजून वाहत आहोत. परक्या व्यवस्थेचे अनुकरण किती महाग पडते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट २०१७ ची. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी अचानक संगणकाच्या पडद्यावर आणली आणि निकाल कित्येक महिने रखडले. ज्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश त्यामुळे अडले, त्यांचे हाल आठवले की आजही संताप येतो. तिथे कमी काय पडले? परदेशातील ज्ञान नव्हे. प्राध्यापकांचे प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि आधी छोट्या प्रमाणावर घेतलेली चाचणी, यांचा अभाव नडला. यासाठी विमानात बसण्याची गरज नव्हती. अनुदानातील आपल्या सरकारचा वाटा हा जनतेचाच पैसा आहे, आणि तो रिक्त पदे भरण्याकडे वळावा असे मला वाटते.

बेलापूरकर

नेरुळकर, आपल्या अगदी शेजारी काय घडते आहे ते या चर्चेतून सुटू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांच्या भारतातील परिसरांसाठी नियम केले. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात सिडको शैक्षणिक नगरी उभारत आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना इरादापत्रे दिली गेली. उद्या ऐरोलीची एखादी मुलगी यांपैकी एका ठिकाणी वर्षभर शिकून, शुल्क न परवडल्यामुळे, आपल्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला येईल. तिची गुणपत्रिका वाचणार कोण? ब्रिटनमध्ये पदवीच्या एका वर्षाचे श्रेयांक साधारणपणे १२० धरतात, आपल्याकडे चाळीसच्या आसपास. नुसत्या आकड्यांवरून निर्णय घेणाऱ्या कार्यालयाकडून त्या मुलीवर अन्याय होईल, नाहीतर तिच्याबरोबर शिकणाऱ्यांवर. त्यामुळे या अभ्यासाची निकड ठाणे जिल्ह्याइतकी राज्यात इतरत्र क्वचितच असेल.

कळवेकर

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो, म्हणून थोडे आतले लिहितो. अधीक्षकांनी जावे हे वाचून बरे वाटले, पण असे अर्ज इंग्रजीतून, मुलाखती इंग्रजीतून, आणि अर्जासोबत परदेशाशी संबंधित कामाचा अनुभव दाखवायचा. पंचवीस वर्षे पात्रता विभाग पाहिलेल्या बाईंना विद्यापीठाची परिपत्रके तोंडपाठ असतात, तरी हा अर्ज त्यांच्या हातून पुढे सरकणार नाही. शेवटी जाईल तो अस्खलित इंग्रजी बोलणारा प्राध्यापकच, आणि कागदावर मात्र प्रशासकीय प्रशिक्षण झाल्याची नोंद राहील. शिवाय स्वायत्त झालेल्या महाविद्यालयांत प्रश्नपत्रिकांपासून निकालापर्यंतचे सारे काम आता तिथेच होते, आणि त्यासाठी माणसे मात्र जुनीच आहेत, त्यांतली काही कंत्राटी. दोन आठवड्यांसाठी एक माणूस गेला तर त्याचे काम करायला दुसरा कोणी नसतो. म्हणून माझा विरोध योजनेला नाही, बदली माणूस न देता माणूस पाठवण्याला आहे.

घंटाळीकर

कळवेकरांनी सांगितलेली अडचण खरी आहे आणि माझ्या मूळ मांडणीत तिला जागाच नव्हती. बदली कर्मचाऱ्याची लेखी हमी असल्याशिवाय संस्थेने नाव पाठवू नये, ही अट मी त्या मांडणीत जोडतो. इंग्रजीबद्दल मात्र संस्थांनाही काही करता येईल: अर्ज लिहिताना इंग्रजीच्या प्राध्यापकांनी सोबत बसावे. त्यात कमीपणा कसला?

नेरुळकर, लंडनचे उदाहरण आपण दिलेत, पण मला त्यातून उलटाच अर्थ दिसतो. १८५७ चा नमुना सनदी अधिकाऱ्यांनी कागदावर आखला आणि वरून लादला. इथल्या कार्यालयातील एकाही माणसाने लंडनची परीक्षाव्यवस्था जवळून पाहून तिच्या उणिवा नोंदवल्या नव्हत्या. पाहणे आणि अनुकरण करणे या दोन क्रिया भिन्न आहेत, आणि जवळून पाहणारा माणूस बहुधा अनुकरणाच्या विरोधातच बोलतो. जर्मनीत वसतिगृहे, खानावळी आणि आर्थिक साहाय्याचे अर्ज हे सारे सामान्यतः विद्यापीठाबाहेरची स्वतंत्र विद्यार्थी-सेवा संस्था सांभाळते. ते पाहून आलेला अधीक्षक ‘आपणही तसेच करू’ म्हणणार नाही. पण शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांसाठी परीक्षा विभागाची माणसे दरवर्षी का वेठीला धरली जातात, हे तो नक्की विचारील.

नेरुळकर

बदली माणसाच्या अटीचे मी स्वागत करतो. मूळ आक्षेप मात्र कायम आहे, आणि तो एका ठोस पर्यायासह मांडतो. श्रेयांक, खंडित शिक्षण आणि पुन्हा प्रवेश या गोष्टी आपल्या देशात नव्या नाहीत. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ पासून नाशिकला असलेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही कामे कित्येक वर्षे करत आहेत, तीही नोकरी करणाऱ्या, गृहिणी असलेल्या आणि वर्षे वाया गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे आपल्याच लोकांसाठी. नाशिकला ठाण्याहून सकाळच्या गाडीने जाता येते, तिथे काम मराठीतून चालते, आणि पात्रता विभागातील त्या बाईंना मुलाखतही द्यावी लागणार नाही. आधी तिथे प्रत्येक महाविद्यालयाचा एक कर्मचारी पंधरा दिवस बसवा. परदेशाचा विचार नंतर करू.

घंटाळीकर

नाशिकचा पर्याय उत्तम आहे आणि तो आधी व्हावा, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. ‘नंतर’ या शब्दाशी मात्र मी सहमत नाही, कारण मुक्त विद्यापीठात विद्यार्थ्याचा बहुतेक व्यवहार एकाच संस्थेच्या आत राहतो. बेलापूरकरांची ती मुलगी एका देशाच्या नियमांतून दुसऱ्या देशाच्या नियमांत येणार आहे, आणि तशी प्रकरणे निकाली काढणारी कार्यालये अभ्यासायची तर बाहेर जावेच लागेल. दोन्ही दौऱ्यांना मी एकच अट लावीन: परतलेल्या कर्मचाऱ्याने मराठीत अहवाल लिहून तो महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा, आणि समितीने त्यातील प्रत्येक सूचनेवर होकार किंवा सकारण नकार इतिवृत्तात नोंदवावा.

कळवेकर

त्या अहवालाची प्रत शेजारच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांनाही द्यावी, एवढे जोडा. कळवा ते पनवेल या पट्ट्यातील आम्हा सगळ्यांपुढे येणारे अर्ज सारखेच असतात.